निळ्या नकाशातली रिकामी जागा

चौकट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दाराची, खिडकीची नाहीतर भिंतीवरच्या फोटोची चौकट येत असेल. मी जन्माने त्यांच्यातली नव्हे. मी ऊन खाऊन नकाशे छापणारी एक जुनी चौकट आहे. मित्रांनो, ज्या काळात मी कामाला लागले, त्या काळी माझ्यासारखीच्या हातून गेल्याशिवाय एकही मोठी इमारत उभी राहत नसे. तुम्हाला ही बढाई वाटेल, म्हणून आधी माझे काम समजावून सांगते.

वास्तुकार इमारत काढतो ती एकाच कापडावर. मेण लावल्यासारखे पारदर्शक, तलम कापड असते ते. त्यावर काळ्या शाईने रेघा. पण तो एकच नकाशा गवंड्याला हवा, सुताराला हवा, लोखंडकाम करणाऱ्याला हवा आणि नगरपालिकेच्या फायलीतही हवा. हाताने किती उतरवणार? म्हणून औषध लावलेला कागद माझ्या काचेखाली ठेवायचा, त्यावर ते कापड पसरायचे, मागची फळी आवळायची आणि मला उन्हाकडे तोंड करून उभी करायची. ऊन कापडातून आत शिरे. जिथे रेघ असे तिथे ते अडे. पाच-सात मिनिटांनी कागद काढून पाण्यात धुतला की सगळा कागद निळाशार आणि त्यावर पांढऱ्या रेघा! पहिल्यांदा बघणारा माणूस आ वासून बघत राही.

मला एका सुताराने पाडलेल्या गोदामाच्या तुळईतून घडवले. त्या तुळईने साठ वर्षे छप्पर पेलले होते, त्यामुळे माझ्या अंगात आता वाकायची खोड उरली नव्हती. तरी सुताराने माझे चारही कोपरे काटकोन तपासायचा गुण्या लावून इतक्या वेळा तपासले, की त्याची बायको म्हणाली, "पोरीला बघायला आलेल्या मुलाला एवढं तपासलं असतं, तर बरं झालं असतं." सुतार हसला आणि त्याने पुन्हा गुण्या लावला. मग जाड काच बसली. काचेच्या एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा राहून गेला होता. त्यामुळे मी छापलेल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका उमटे. पुढे कचेरीतले लोक त्या ठिपक्याला 'अक्काची टिकली' म्हणू लागले.

अक्का ही आमच्या वास्तुकाराची थोरली बहीण. कचेरी एका चार मजली घराच्या वरच्या दोन मजल्यांवर होती. खाली लांबलचक दालनात नकाशे काढणारे बसत. वर गच्चीलगतची खोली अक्काची आणि माझी. खोलीत पाण्याचा दगडी हौद होता, ओले कागद वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, लाकडी चिमटे होते आणि औषधाच्या तपकिरी बाटल्या होत्या. खिडकीतून गच्चीवर दोन रूळ टाकलेले होते. त्यांवरून अक्का मला सकाळी बाहेर ढकली आणि संध्याकाळी आत ओढून घेई.

आईवडील गेले तेव्हा अक्का चौदा वर्षांची होती आणि भाऊ सहा वर्षांचा. त्याने शिकावे म्हणून तिने स्वतःची शाळा सोडली. तो वास्तुकार झाला, सगळे त्याला 'साहेब' म्हणू लागले, पण अक्कासाठी तो शेवटपर्यंत 'बाळ'च राहिला. कचेरीत तिला सगळे मान देत. तोंडावर. पाठीमागे मात्र खालच्या दालनात तिला 'कागदांची परटीण' म्हणत, आणि तिच्या बोटांच्या निळ्या नखांवरून हसत. तिला ते ठाऊक होते. पण मित्रांनो, जी बाई वर्षानुवर्षे रोज दहा-वीस नकाशे काचेतून निरखते, तिला नकाशा वाचता येणार नाही का? अक्काला इमारतीचा उभा छेद कळे, पाया कळे, कुठल्या खांबावर किती भार येणार तेही कळे. फक्त ते कुणी तिला विचारत नसे.

मी आले तेव्हा नकाशे रेघांनी नुसते गच्च भरलेले असत. खिडकीवर फुलांच्या माळा, दारावर सिंह, खांबांच्या डोक्यावर द्राक्षांचे घोस, छपराच्या टोकाला पंखवाल्या बाया. माझी काच दमून जाई. मग हळूहळू रेघा कमी होऊ लागल्या. आधी बाया गेल्या, मग सिंह गेले. पूर्वी एका खिडकीला जेवढ्या रेघा लागत, तेवढ्यात आता अख्खी भिंत होऊ लागली. जगभरचे तरुण वास्तुकार तेव्हा म्हणू लागले होते, की भिंत भिंतीसारखी दिसू दे, तिला दागिने कशाला? लोखंड आणि सिमेंट आले होते, काचेच्या मोठमोठ्या खिडक्या आल्या होत्या. आमचे साहेब त्याच विचारांचे. लोक मात्र नाके मुरडत. साहेबांनी बांधलेल्या पहिल्या सपाट इमारतीसमोर उभे राहून एक गृहस्थ म्हणाले होते, "ही आत्ताच न्हाव्याकडून आलेली दिसते." साहेबांनी ते ऐकले आणि घरी येऊन अक्काला सांगितले. दोघे भाऊबहीण पोट धरधरून हसले. तेव्हा हसण्याचे दिवस होते.

मग शहराच्या सार्वजनिक वाचनालयासाठी स्पर्धा झाली आणि साहेबांचा आराखडा निवडला गेला. बाहेरून साधी, गुळगुळीत भिंत. आत मात्र दगडी जिना, असा की बघणाऱ्याचा श्वास अडावा. त्याच्याखाली खांब नव्हता की कमान नव्हती. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत रुतलेले आणि दुसरे मोकळे. एक पायरी दुसरीच्या आधाराने वळत वळत वर जाई. साहेब म्हणत, "सगळे दागिने काढून टाकले आणि हा एक ठेवला."

असा जिना घडवणारा पाथरवट पंचक्रोशीत एकच होता. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उंच, किंचित वाकलेले, भुवयांत कायम दगडाची धूळ. बाकीचे कारागीर नकाशा न्यायला कुणाला तरी पाठवत. मिस्त्री स्वतः चार जिने चढून येत. ओला निळा कागद दोरीवर वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहत. अक्का आणि ते फारसे बोलत नसत. एखादे दिवशी ते म्हणत, "आज निळा छान उतरलाय." अक्का म्हणे, "ऊन बरं होतं." संपले संभाषण. पण ते येणार असले की अक्का स्टुलावरची धूळ आधीच पुसून ठेवी. ते माझ्याशिवाय कुणी पाहिले नाही.

आमच्या खोलीच्या भिंतीवर साहेबांनी मोठ्या अक्षरांत एक नियम रंगवून घेतला होता: 'कागद मापू नका, आकडा वाचा.' त्याचे कारण ऐका. नवे कापड धुतले की आटते ना? तसाच माझा कागदही धुतला की आटतो. केसभरच आटतो. पण नकाशात अर्ध्या इंचाला एक फूट धरलेला असतो, म्हणून कागदावरचे केसभर अंतर दगडात बोटभर होते. त्यासाठी प्रत्येक मापाचा आकडा नकाशावर लिहिलेला असतो. आकडा आटत नाही. हे गुपित अक्काइतके चांगले कुणालाच ठाऊक नव्हते, कारण कागद धूत होती तीच.

जिन्याच्या नकाशाचा दिवस मला स्पष्ट आठवतो. साहेबांना दुपारच्या गाडीने पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या शहरी जायचे होते. निघण्याआधी त्यांनी घाईघाईत एक बदल केला. दालनाची उंची थोडी वाढवली, वरच्या मजल्याची रेघ वर सरकवली, आणि एकूण उंचीचा जुना आकडा पात्याने खरवडून काढला. नवा आकडा लिहायचा राहिला. आभाळ भरून येत होते. ऊन जायच्या आत छापून घे म्हणून त्यांनी कापड अक्काच्या हातात दिले. तिने धावपळ करून ते माझ्यात बसवले. मी पाहिले, मित्रांनो. जिथे आकडा हवा तिथून ऊन आरपार गेले आणि खाली नुसता निळा रंग उमटला. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते. कागद धुऊन निघाला, मिस्त्री तो घेऊन गेले, साहेबांनी सगळी कापडे कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकून स्टेशन गाठले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री परत आले. आधी खालच्या दालनात विचारून आले होते. तिथे सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते.

"अक्का, इथं आकडा नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कागद हौदाच्या कट्ट्यावर पसरला. "खालून वरपर्यंत उंची किती ते कळल्याबिगर पायऱ्या कशा पाडू? दगड येऊन पडलाय. वरचा मजला अजून ओतलेला नाही, नाहीतर तिथंच मोजून घेतलं असतं."

अक्काने कागदाकडे पाहिले. त्या रिकाम्या निळ्या जागेवर बोट फिरवले.

"साहेबांना तार करू या का?" मिस्त्री म्हणाले.

"एका आकड्यासाठी तार?" अक्का म्हणाली. "थांबा, मी सांगते."

तिने कोनाड्यातून पट्टी काढली. अर्ध्या इंचात एक फूट वाचणारी, वास्तुकारांची पट्टी. साहेबांची जुनी, टाकून दिलेली. मिस्त्री जरा घुटमळले. "पण कागद आटतो म्हणता ना तुम्ही?"

"केसभर आटतो हो. केसभरानं काय होतंय?"

हे ती का म्हणाली, ते मी तुम्हाला सांगते. तिला विसर पडला नव्हता. नियम तिच्या डोक्यावर भिंतीवरच लिहिलेला होता. पण अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला नकाशातले काही विचारले होते, आणि तेही मिस्त्रींसारख्या माणसाने. 'मला माहीत नाही' हे उत्तर द्यायची तिची इच्छा नव्हती. तिने पट्टी लावली, डोळा बारीक केला आणि आकडा सांगितला. फूट, इंच आणि वर तीन सूत, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून तो रिकाम्या जागेत लिहिला.

"बरं झालं तुम्ही होतात," ते म्हणाले. ते गेल्यावर अक्का बराच वेळ एकटीच गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी त्याआधी ऐकले नव्हते.

सात-आठ महिने गेले. दगडाच्या सगळ्या पायऱ्या एका मापाच्या, एकीला दुसरीपासून ओळखता येऊ नये अशा. त्या भिंतीत चढवल्या गेल्या. वरचा मजलाही तोवर साहेबांच्या देखरेखीखाली, वाढवलेल्या उंचीवर ओतून झाला होता. आणि शेवटच्या पायरीवरून मजल्यावर पाऊल टाकताना पहिल्याच दिवशी ठेकेदार अडखळला. मग साहेब अडखळले. मोजले, तर बाकी प्रत्येक पायरीपेक्षा तो शेवटचा टप्पा बोटभर उंच निघाला.

बोटभर म्हणजे काहीच नाही, असे तुम्हाला वाटेल. पण जिना चढताना आपले पाऊल डोळ्यांनी चालत नाही. दोन-चार पायऱ्यांत त्याला उंचीची सवय होते आणि मग ते आपले आपण उचलले जाते. तिथे बोटभर फसवणूक झाली की माणूस तोंडावर आपटतो. आता काही करता येत नव्हते. पायऱ्या भिंतीत एकमेकींच्या भरवशावर उभ्या होत्या. एक काढली तर सगळ्या येतील.

साहेब तो निळा कागद घेऊन वर आमच्या खोलीत आले. मागोमाग मिस्त्री. अक्का हौदाशी उभी होती आणि तिच्या दोन्ही हातांत नुकताच पाण्यातून काढलेला एक नकाशा होता.

"हा आकडा कुणी लिहिला?" साहेबांनी विचारले.

"अक्षर माझं आहे," मिस्त्री म्हणाले.

"आणला कुठून?"

मिस्त्रींनी अक्काकडे पाहिले. रागाने नव्हे. दारात आधी कुणी जायचे अशा वेळी आपण समोरच्याकडे बघून थांबतो ना, तसे. त्यांनी तिला वेळ दिला. तिच्या हातातल्या कागदातून पाणी टपटप गळत होते.

बोल, अक्का, बोल, असे मी मनात किती वेळा म्हणाले! पण तिची पाचावर धारण बसली होती. भावाच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम आपण बिघडवले. आता परटिणीने नकाशात नाक खुपसले म्हणून खालचे सगळे हसतील. आणि ही खोलीही जाईल. एवढे सगळे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मिस्त्रींनाही ते दिसले असावे.

"माझं मीच मापलं," ते म्हणाले.

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं साहेब."

"मग?"

"चुकलं."

एवढेच. ते वळले आणि जिना उतरून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

वाचनालयाचे उद्घाटन थाटात झाले. वर्तमानपत्रांनी जिन्याचे फोटो छापले. परदेशातून वास्तुकार तो बघायला आले, त्यांतल्या दोघांनी शेवटच्या पायरीवर ठेच खाल्ली आणि तरीही वाहवा केली. दरवाजाजवळ एक दगडी पाटी बसवली होती. तिच्यावर वर साहेबांचे नाव आणि खाली पाच मुख्य कारागिरांची नावे कोरायची, असे ठरले होते. गवंडी, सुतार, लोहार, काचवाला यांची चार नावे कोरली गेली. ज्याच्या जिन्यासाठी गाव लोटले होते, त्या पाथरवटाची ओळ कोरी ठेवली. मिस्त्रींना पुन्हा कुणी जिन्याचे काम दिले नाही. 'बोटभर मिस्त्री' असे नाव पडले त्यांचे. पुढे पुढे ते रस्त्याकडेला लावायचे मैलाचे दगड घडवत होते, असे खालच्या दालनात कुणीतरी हसत सांगितले. अक्काने ते ऐकले, वर येऊन हौदातले पाणी बदलले आणि मग पुन्हा बदलले.

त्यानंतर अक्का फार कडक झाली. नकाशावर एक जरी आकडा नसला तरी ती तो परत खाली पाठवी. "आकडा नाही, तर कागद नाही," म्हणे. नकाशेवाले वैतागत. खोलीतले स्टूल तिने कुणालाही बसायला दिले नाही. असे किती वर्षे चालले म्हणाल? चौदा.

दरम्यान माझेही दिवस फिरले. विजेच्या दिव्याखाली नकाशे छापणारे यंत्र आले. त्याला ऊन लागत नसे, ढग आडवे येत नसत. मला खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले. रुळांना गंज चढला. माझ्या मागच्या फळीवर कुणीतरी पायपुसणी वाळत घालू लागले. कुठल्याही वस्तूला वाईट वाटते ते ती मोडल्यावर नव्हे, तर ती धडधाकट असताना तिच्याकडे कुणी बघेनासे झाले म्हणजे, हे तेव्हा मला कळले.

मग एक दिवस साहेबांच्या कामांवर पुस्तक काढायचे ठरले. जिन्याचा मूळ नकाशा हवा होता. कपाट उघडले आणि ते जुने कापड अक्काच्या हाती आले. आकड्याची जागा अजून रिकामीच होती. पात्याने खरवडल्याची खूण तेवढी दिसत होती.

अक्काचे केस एव्हाना पांढरे झाले होते. ती यंत्राकडे गेली नाही. तिने मला वळवून उन्हाकडे आणले, माझी काच पुसली, रुळांना तेल घातले. मग बसून तिने त्या रिकाम्या जागेत खरा आकडा शाईने लिहिला आणि खाली बारीक, सुबक अक्षरांत आणखी चार ओळी लिहिल्या. त्या ओळी मला पाठ आहेत. 'इथे आकडा नव्हता. मी आटलेल्या कागदावर मापून चुकीचा आकडा सांगितला. मिस्त्रींनी माझ्यावर विश्वास ठेवला. जिना त्यांनी बिनचूक बांधला आहे.' खाली मिस्त्रींचे पूर्ण नाव लिहिले आणि त्याखाली स्वतःचे.

त्या दिवशी ऊन लख्ख होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर छाप होता. अक्काने कागद वाळू दिला, गुंडाळी केली, बरी साडी नेसली आणि ती मिस्त्रींचे घर शोधत निघाली.

दुपार टळायच्या आत ती परत आली. गुंडाळी तशीच हातात होती. ती त्या स्टुलावर बसली. थोड्या वेळाने साहेब तिला शोधत वर आले. तेही आता काठी टेकत चालत.

"अक्का, कुठं गेली होतीस? काय झालं?"

"मिस्त्री गेले रे," अक्का म्हणाली. "तीन आठवडे झाले. त्यांच्या लेकीनं दार उघडलं. मी सांगितलं तिला सगळं, उंबऱ्यातच. ती म्हणाली, आम्ही बाबांना खूपदा विचारलं होतं, तुम्ही असं चुकालच कसं? तर ते म्हणायचे, ज्यांना सांगायचंय त्या येतील कधीतरी." अक्काने गुंडाळी मांडीवर ठेवली. "चौदा वर्षं वाट बघितली त्यांनी, बाळ. आणि मी चार रस्ते पलीकडे होते."

साहेबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

अक्काने मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून. तीन सुतांपर्यंतचा आकडा आपल्या पट्टीशिवाय निघत नाही, आणि मिस्त्रींकडे तसली पट्टी कुठली? मी नंतर ती कागदावर लावून पाहिली. अचूक तेवढाच आला. तू मापलंस, हे मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कारण आकडा खोडून नवा लिहायचा विसरलो होतो मी," साहेब म्हणाले. "तुझं नाव निघालं असतं, तर माझंही निघालं असतं."

चुकलेली माणसे दोन होती, मित्रांनो, आणि शिक्षा तिसऱ्याला झाली होती. साहेब रडले. लहानपणापासून ते रडले की अक्का उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवी. त्या दिवशी ती उठली नाही.

"त्यांची लेक म्हणाली, बाबांचं नाव नाही म्हणून आम्ही त्या वाचनालयात कधी पाऊल टाकलं नाही," ती म्हणाली. "तेवढं तरी करायचंय मला."

"आता बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतील लोक."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

वाचनालयाच्या समितीने पाटीवर नवे नाव कोरायला नकार दिला. एकदा बसवलेल्या पाटीला हात लावता येत नाही, म्हणे. तेव्हा अक्का म्हणाली की मग हा कागदच लावू. साहेबांनी सोड्याच्या पाण्यात टाक बुडवला. त्या पाण्याने निळ्या कागदावर लिहिले की पांढरे अक्षर उठते. अक्काच्या ओळींखाली त्यांनी लिहिले: 'आकडा लिहायचा मी विसरलो, आणि नंतर गप्प बसलो.' मग माझी मागची फळी आवळून तो कागद माझ्या काचेत कायमचा बसवला, आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकेका बाजूने धरून मला त्या जिन्यावरून वर नेले. शेवटच्या पायरीशी दोघेही थांबले. जपून पाऊल उचलले आणि समोरच्या भिंतीवर मला टांगले.

काही दिवसांनी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि वाचू लागली. नावापाशी आल्यावर तिने काचेवर हात ठेवला. मुलीने विचारले, "आई, हे आजोबा ना?" तिने नुसती मान डोलावली. अक्का बाकावर बसून होती. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जाताना मिस्त्रींची लेक तिच्यापुढे क्षणभर थांबली, आणि मग जिना उतरून गेली. तिने क्षमा केली की नाही, ते मला माहीत नाही. अक्कालाही शेवटपर्यंत कळले नाही.

अक्का गेली. साहेब गेले. या गोष्टीला आता खूप वर्षे झाली आणि तुमच्यासारखी मुले पुस्तके बदलायला माझ्यासमोरून धावत जातात. पण माझ्यासमोर साहेबांच्या आवडीची ती भिंतभर काचेची खिडकी आहे, आणि तिच्यातून दिवसभर ऊन माझ्यावर पडते. उन्हाने निळा कागद फिका होतो. पांढरी अक्षरे पुसली जात नाहीत, त्यांच्याभोवतीचा निळा उडत चालला आहे, आणि निळाच उरला नाही तर पांढरे दिसणार कशावर? मिस्त्रींचे नाव वाचायला आता पुढे वाकावे लागते. अंधारात विसावा मिळाला, तर हा निळा थोडाथोडा परत येतो. पण खिडकीचा पडदा ओढण्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मित्रांनो, मी जन्मभर ऊन मागितले, आज सावली मागते. आणि जमले तर आणखी एक करा. कुणाला 'चुकलं, मी केलं' असे सांगायचे राहिले असेल, तर चांगले शब्द सापडण्याची वाट पाहू नका. तो माणूस समोर उभा आहे तोवर सांगा. नंतर लिहिलेले कितीही सुबक असले, तरी ज्याच्यासाठी लिहिले तो ते वाचत नाही. माझ्या काचेतला हा कागद शेकडो लोकांनी वाचला आहे. मिस्त्रींनी वाचलेला नाही.